हा संघ पोरका नाही

व्हर्ना नोविन्स्कीच्या घरी 'पोरका' हा शब्द टपालाने आला. टाइप केलेलं पत्र होतं, खाली सही: "आपले माजी पती कॅस यांनी संघ सोडल्याचे कळवले असल्याने सदर संघ पोरका झाला आहे. नियमाप्रमाणे तो मोडून त्यातील खेळाडू सर्वांना खुले करण्यात येतील. आपल्या माहितीसाठी."

ते पत्र तिने मला बस डेपोत वाचून दाखवलं. सकाळची फेरी संपवून तिने आपली पिवळी शाळेची बस लावली होती. बाहेर टोलेडोचा मार्च, म्हणजे रस्त्याकडेला काळं पडलेलं बर्फ आणि डबकी. तिने पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

"पोरका म्हणे," ती म्हणाली. "याची आई मेली काय? आई इथे स्टिअरिंगवर बसलीय."

मी व्हर्नाला ओळखते ते बसचालकांच्या संपापासून. मी तेव्हा पत्रकं वाटत होते आणि ती सगळ्यांत पुढे उभी होती. बसमधले हीटर बंद पडले होते आणि एक साहेब म्हणाला होता, पोरांना जाड कोट घालून पाठवायला सांगा. व्हर्नाने त्याला पहाटे साडेपाचला आपल्या बसमध्ये बसवलं आणि अख्खी फेरी फिरवून आणलं. उतरताना त्याचे दात वाजत होते. दुसऱ्या आठवड्यात हीटर आले. ही बाई भाषण करत नाही. ती तुम्हाला गाडीत बसवते.

तिच्या संघाची गोष्ट मात्र मला बरीच उशिरा कळली. इथे दहा जणांची एक मंडळी आहे, 'दहा खुर्च्या' नावाची. प्रत्येकाचा एकेक कागदी बेसबॉल संघ. खेळाडू खरे, मोठ्या मैदानांवर खेळणारे. त्यांनी जे मारलं, जे अडवलं, जे घालवलं, ते सगळं इकडे त्या त्या मालकाच्या नावावर चढतं. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत हाच धंदा. संघात पंचवीस खेळाडू. दर मार्चला त्यातले पाच राखायचे, वीस सोडून द्यायचे, आणि मग सोडलेल्यांतून पाळीपाळीने नवे उचलायचे. कुठले पाच राखायचे, तिथेच शहाणा आणि गाढव वेगळे होतात.

एकोणीस वर्षं दहाव्या खुर्चीवर कॅस बसला. यादी तो वाचायचा, टाळ्या तो घ्यायचा, दोनदा चषकही त्यानेच घरी आणला. आणि एकोणीस वर्षं ती यादी व्हर्नाने केली, याच बसमध्ये, सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मधल्या पाच तासांत, स्टिअरिंगवर पुठ्ठा आडवा ठेवून. मागच्या शरद ऋतूत कॅस फ्लोरिडाला गेला, गोल्फच्या गाडीतून फिरणाऱ्या एका बाईबरोबर. नाताळाच्या आधी घटस्फोट झाला. घर विकून अर्धं अर्धं झालं. कुत्रा त्याने नेला. चषक दोन्ही त्यानेच नेले.

"कुत्र्याचं वाईट वाटलं," व्हर्ना म्हणाली. "चषकांचं नाही. पण संघ देणार नाही. आता माझ्या नावावर हवाय मला. फळ्यावर, खडूने, सगळ्यांना दिसेल असा."

शनिवारी दुपारी एकच्या आत यादी द्यायची होती. पत्र आलं गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मी परत डेपोत गेले, कारण मला झोपच आली नव्हती. ती मात्र शांत बसून काम करत होती. रेडिओवर फ्लोरिडातला सराव सामना चालू होता आणि स्टिअरिंगवरच्या पुठ्ठ्यावर पंचवीस नावं होती. काही नावांसमोर पेन्सिलीने इतकं खोडलं होतं की कागद फाटायला आला होता.

"हास्किलला सोडतेय," ती म्हणाली.

मला बेसबॉलमधलं फार कळत नाही, पण ड्वेन हास्किल मलाही माहीत होता. दुकानातल्या साबणाच्या खोक्यावर त्याचा फोटो असतो.

"एकेचाळीस होमरन मारलेत ना त्याने?"

"मारलेत. एकेचाळीसपैकी सत्तावीस मे संपायच्या आत. पुढच्या चार महिन्यांत मिळून चौदा. उन्हाळा चढला तसा त्याचा हात जड झाला. यंदा चौतिसावं लागलंय. आणि मैदान बदललंय त्याने. जुन्या मैदानाची उजवी भिंत इतकी जवळ होती की शिंकलं तरी चेंडू पलीकडे. नवीन मैदान समुद्राकाठी. भिंत लांब, हवा दमट. तेच फटके आता भिंतीखाली झेलले जातील."

"पण सगळे म्हणतात—"

"सगळे गेल्या वर्षीचा आकडा बघतात." तिने डोक्यावरच्या मोठ्या आरशाकडे बोट केलं. "हा कशाला असतो? मागे कोण दंगा करतंय ते बघायला. आरशात बघून गाडी पुढे घेतलीस तर खांबावर जाशील."

मग तिने एकेक नाव मला समजावलं. तादेओ ब्रिसेन्यो, बावीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळतो. गेल्या वर्षी एका सामन्यात त्याला तीनदा बाद केलं तर दुसऱ्या दिवशी चौथ्यांदा पळाला. "मार खाऊन परत पळणारा मला हवा." दुसरा लायल फेंटन. हा काहीच करत नाही. नुसता उभा राहतो. पण चार चेंडू वाईट पडले की फुकट पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, मिळतो, आणि दहा खुर्च्यांच्या नियमात तसा मिळालेला बेस फटक्याइतकाच मोजतात. हा नियम सुरुवातीपासून वहीत आहे आणि तो नीट वाचणारी व्हर्ना एकटी. एकोणीस वर्षं तिने संयमी माणसं गोळा केली आणि एकोणीस वर्षं बाकीचे कॅसला हसले की तुझ्या संघात सगळे खांब का रे? दोन चषक त्या खांबांवरच आले. तिसरा शेवटच्या डावात येऊन सामना बंद करणारा कुराओका. चौथा जेब वॉटली, त्याच्याबद्दल ती एवढंच म्हणाली, "दिसायला बावळट आहे म्हणून लोक फसतात."

पाचव्या नावापाशी ती थांबली.

"एमेट ग्राइस," ती म्हणाली.

"हा कोण?"

"डावखुरा पिचर. गेल्या जुलैत कोपराचं ऑपरेशन झालं त्याचं. यंदा जुलैपर्यंत चेंडू टाकणार नाही."

"म्हणजे अर्धं वर्ष एक माणूस कमी घेऊन खेळणार? तेही हास्किलला सोडून?"

"ऑपरेशनच्या आधी वर्षभर दुखत होतं त्याचं. लपवत होता. दुखऱ्या हाताने टाकूनही सगळ्या पिचरांत तिसरा आला. बरा झाल्यावर काय करेल?"

"आणि बरा झालाच नाही तर?"

"तर मी चुकले," ती म्हणाली. "चुकायचा हक्कसुद्धा माझ्याच नावावर पाहिजे मला."

दुपारच्या फेरीची वेळ झाली होती. तिने पुठ्ठा सीटमागे टाकला आणि गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही दोघी बोलिंगच्या हॉलच्या मागच्या खोलीत गेलो. भिंतीपलीकडे चेंडू घरंगळत होते आणि लाकडी बाटल्या धडाधड कोसळत होत्या. मोठं टेबल, त्याभोवती नऊ पुरुष, एक खुर्ची रिकामी. फळ्यावर दहा नावं, शेवटचं 'कॅस'. पाहुण्यांसाठी भिंतीकडेला बाक होता. त्यावर मांडीवर जॅमच्या पोंच्कींचं, म्हणजे पोलिश डोनटांचं, खोकं घेऊन डेल नावाचा एक गृहस्थ आधीच बसला होता.

"तुम्ही कुणाबरोबर?" मी विचारलं.

"रॉयचा मेहुणा," तो खुशीत म्हणाला. "आज एक खुर्ची रिकामी होणार आहे म्हणाला. घ्या ना, पोंच्की घ्या."

आता कळलं. रॉय ट्रेसलर, एसी बसवणारा, गेल्या वर्षीचा विजेता. त्यानेच पोरक्या संघाचा नियम वहीतून शोधून काढला होता. पत्रावर सही मात्र होती हर्शेल बाउमगार्टची. हर्शेल म्हणजे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमन, भला माणूस, पण ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे कलणारा.

वाचन सुरू झालं होतं. तिथली रीत अशी: एकेक मालक उभा राहून आपली पाच नावं वाचतो, आणि ज्याला एखादं नाव मूर्खपणाचं वाटतं तो टेबलावर तळहाताने थाप मारतो. एकाची थाप म्हणजे चिडवणं, पाचांची म्हणजे अंत्ययात्रा. रस्टी म्हणून एक जाडगेला होता, त्याच्या दुसऱ्या नावाला आठही जणांनी टेबल असं बडवलं की बिअरच्या बाटल्या नाचल्या.

"मारा, मारा!" रस्टी ओरडला. "सप्टेंबरात रडाल!"

"गेल्या सप्टेंबरात कोण रडलं होतं रे?"

"डोळ्यात काहीतरी गेलं होतं!"

आठ याद्या झाल्या. विजेता शेवटी वाचतो, म्हणून रॉयने आधीच देऊन ठेवलेली यादी वाचायची उरली होती. हर्शेलने घसा साफ केला. "दहावा संघ. कॅसने सोडल्यामुळे, अं, पोरका—"

"मी यादी आणलीय," व्हर्ना म्हणाली. ती बाकावर बसलीच नव्हती.

रॉय वळला. "मिसेस नोविन्स्की, तुमच्याबद्दल आम्हाला सगळ्यांना फार आदर आहे—"

"आदर म्हटलास की मागून लाथ येते, रॉय. मार एकदाची."

दोघेतिघे हसले. रॉय हसला नाही. "मालक कॅस होता. कॅस गेला. नियम नियम आहे."

"हर्शेल, तुझ्या खोक्यात एकोणीस वर्षांच्या याद्या आहेत ना? काढ. अक्षर कुणाचं आहे बघ."

हर्शेलने काढल्या. सगळ्यांनी माना पुढे केल्या. अक्षर व्हर्नाचं होतं, एकोणीसच्या एकोणीस. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण रॉयने खांदे उडवले.

"माझे टॅक्सचे कागद माझी बायको भरते. म्हणून काय एसी ती दुरुस्त करते?"

टेबल हसलं. हर्शेलने अपराध्यासारखा फोन काढला. "मी कॅसला विचारलं होतं," तो म्हणाला. "त्याचा निरोप आलाय. 'व्हर्ना माझं लिहून काढायची. तिचं अक्षर छान आहे.'"

भिंतीपलीकडे कुणीतरी सगळ्या बाटल्या एका फटक्यात पाडल्या आणि आरडाओरडा झाला. मी उठलेच होते. त्या फ्लोरिडातल्या माणसाला आणि या एसीवाल्याला दोघांना ऐकवायला माझ्याकडे पुष्कळ होतं. व्हर्नाने मागे न बघता हात खाली केला, चालत्या बसमध्ये उभं राहिलेल्या पोराला करतात तसा. मी बसले.

"हे बघा," रॉयचा आवाज आता गोड झाला, "आम्ही काही राक्षस नाही. हर्शेल तुम्हाला दहा प्रश्न विचारेल. बेसबॉलचे. आले तर बसा खुशाल."

"तू दिली होतीस ही परीक्षा?"

"मी? मी पहिल्यापासून आहे."

"रस्टीने दिली? त्याला अजून शॉर्टस्टॉप कुठे उभा राहतो ते कळत नाही."

"ए! कळतं मला!" रस्टी म्हणाला. "अंदाजे."

"मग मीही देणार नाही," व्हर्ना म्हणाली. "जी परीक्षा तुम्ही कुणीच दिली नाही ती मी कशाला देऊ? मी यादी देणार. एकला आठ मिनिटं आहेत. हर्शेल, वहीत काय लिहिलंय? एकच्या आत आलेली यादी?"

हर्शेलने वही उघडायचीही तसदी घेतली नाही. "वाचली जाईल," तो हळूच म्हणाला. मग रॉयकडे बघून, जरा मोठ्याने: "तीस वर्षं टपाल वाटलंय मी. पेटीत आलेलं पोचवायचं, एवढं मला कळतं. वाचू दे तिला. मालक कोण ते नंतर मत घेऊन ठरवू."

"वाचा," रॉय खुर्चीत मागे रेलला. "गाणं समजून ऐकू."

व्हर्ना रिकाम्या खुर्चीच्या मागे उभी राहिली. बसली नाही. कागद काढला नाही.

"तादेओ ब्रिसेन्यो."

कोणी हललं नाही.

"लायल फेंटन."

दरवर्षी या नावाला टेबल मोडायची वेळ यायची, असं तिनेच मला सांगितलं होतं. आज नऊच्या नऊ माणसांचे हात मांडीवर. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारी डेल कुजबुजला, "थाप नाही मारणार ते. थाप मालकालाच मारतात. मागे बिल दवाखान्यात होता तेव्हा त्याच्या पोराने यादी वाचली. भयंकर यादी. पण पाहुण्याला कोण मारणार? सभ्यपणा असतो."

सभ्यपणा! असला सभ्यपणा मी आयुष्यभर पाहिलाय. ऑफिसांत पाहिलाय, सभांमध्ये पाहिलाय. तुमचं बोलणं शांतपणे ऐकून घेतात आणि ते हवेत विरून जातं. भांडतसुद्धा नाहीत तुमच्याशी. त्यापेक्षा शिवी परवडली.

"कुराओका," व्हर्ना म्हणाली. शांतता. "जेब वॉटली." शांतता.

"एमेट ग्राइस."

रस्टीला राहवलं नाही. "आणि हास्किल?"

"हास्किल सोडला."

धाड्!

टेबलावरची बाटली आडवी झाली. रॉय अर्धा उठला होता. "अगं ए बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एकेचाळीस होमरन! एकेचाळीस! आणि तू तो फाटक्या कोपराचा राखतेस?"

"सत्तावीस मेच्या आत मारलेत त्याने," व्हर्ना म्हणाली.

"मग काय झालं? होमरनवर तारीख असते का?"

"नवीन मैदान बघितलंस त्याचं? उजवी भिंत कुठे आहे?"

"भिंत गेली चुलीत! त्याच्या दंडात ताकद आहे! ग्राइस जुलैपर्यंत आईच्या घरी बसून सूप पिणार आहे, आणि तू त्याच्यासाठी... अगं, याच टेबलावर कॅससुद्धा एवढा मोठा वेडेपणा कधी..."

"कॅसने काहीच केलं नाही कधी. वेडेपणाही माझा आणि चषकही माझे."

"तुझ्या त्या खांब्या फेंटनला तर मी—" आणि रॉयने दुसरी थाप मारली, फेंटनची राहून गेलेली.

व्हर्ना थांबली. मग हर्शेलकडे वळली.

"हर्शेल, इथे थाप कुणाला मारतात?"

हर्शेल एकदम हसू लागला. दाबायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं. "मालकाला," तो म्हणाला.

रॉयने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, जसा काही तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

"ती चुकून पडली," तो म्हणाला.

"पहिली चुकून," रस्टी म्हणाला. "दुसरी?"

"गेल्या वर्षी रस्टी म्हणाला होता माझी थाप चुकून पडली," कोपऱ्यातून एक जण बोलला. "तेव्हा तूच म्हणालास, रॉय, पडलेली थाप परत नसते."

आता सगळेच बोलायला लागले. कुणी हास्किलच्या बाजूने, कुणी म्हणे हो रे, भिंतीचं खरं आहे, मी पाहिलंय ते मैदान. रस्टीने ग्राइससाठी आपलीही एक थाप ठोकून दिली, मग अजून दोघांनी. व्हर्नावर इतका आरडाओरडा चालला होता की मला पलीकडच्या बाटल्यांचा आवाज ऐकू येईना. आणि सगळे तिला 'तू' म्हणत होते. "तू काय बोलतेस!" "तुला काय माहीत!" "तुझा तो कुराओका!" मघाचं मिसेस नोविन्स्की कुठल्या कुठे गेलं होतं.

"मत घ्यायचंय का कुणाला?" हर्शेलने विचारलं.

कुणी हात वर केला नाही. रॉय बसला. "मी नाही म्हणत नाहीये," तो पुटपुटला. "पण ग्राइस? खरंच? जुलैपर्यंत?"

"म्हणजे मी जाऊ?" माझ्याशेजारून डेल म्हणाला.

"खोकं ठेवून जा," रस्टी म्हणाला.

हर्शेल फळ्यापाशी गेला, कॅसचं नाव पुसलं आणि 'नोविन्स्की' लिहिलं. व्हर्ना चालत तिथे गेली, त्याच्या हातातून खडू घेतला, मनगटाने ते पुसलं आणि मोठं 'व्हर्ना' लिहिलं. अक्षर खरंच छान होतं.

"अजून दोन मिनिटं आहेत," हर्शेल घड्याळाकडे बघत म्हणाला. "एकपर्यंत यादी बदलता येते. आता संघ तुझाच आहे, व्हर्ना, कुणी हसणार नाही. ग्राइस काढून हास्किल घालायचा असेल तर..."

"घाल, घाल," रॉय म्हणाला. त्याच्या आवाजात खरीखुरी कळकळ होती. "नाहीतर तो रस्टीला मिळेल. पहिला नंबर त्याचा आहे उचलायचा."

रस्टी डोळे मिटून देवाचं नाव घेत होता.

व्हर्नाने दहावी खुर्ची ओढली. बसली. कोटाची बटणं सोडली, डेलच्या खोक्यातली एक पोंच्की काढून घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकवर जाईपर्यंत सावकाश खाल्ली. बोटांवरची साखर झटकली.

मग तिने उजवा हात टेबलावर सपाट ठेवला.

"हं, रॉय," ती म्हणाली. "वाच तुझी."